पिऊन पडलाय म्हणून सोडू नका, आधी शुगर तपासा

दारूवर बोलायचे म्हटले की चळवळीतली आपली भाषणे ठरलेली असतात. २२ प्रतिज्ञा, पाचवे शील, बाटलीपायी रस्त्यावर आलेली कुटुंबे. मधुमेहावर काही करायचे म्हटले की आपण आरोग्य शिबिर लावतो, बोटाला सुई टोचतो, कार्ड वाटतो, बॅनरसमोर फोटो काढतो. ही दोन्ही कामे आम्हीही करतो आणि करत राहू. पण जो माणूस सकाळी शुगरची गोळी घेतो आणि संध्याकाळी देशीच्या दुकानावरही जातो, त्याला सांगण्यासारखे आपल्याकडे काय आहे? व्यासपीठावरून तो दिसत नाही. दिसलाच तर प्रतिज्ञा मोडलेला माणूस म्हणून दिसतो. आणि असे लोक आपल्या वस्त्यांत थोडे नाहीत.

आमचे म्हणणे असे आहे की या माणसाला आपण जी लाज वाटायला लावतो, ती त्याची दारू सोडवत नाही. ती त्याला लपवायला शिकवते. आणि मधुमेहात दारू लपवणे हे दारू पिण्याइतकेच घातक ठरते.

कसे ते नीट समजून घेऊ.

वस्तीत एक समज पक्का आहे: 'गोड बंद केलंय, देशीत कुठे साखर असते?' दुसरा समज त्याहून धोक्याचा: 'क्वार्टर घेतली की शुगर खाली येते, मी मशीनवर बघितलंय.' हे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. शुगर खरोखरच खाली येऊ शकते. आपण जेवलेलो नसतो तेव्हा, रात्री झोपेत, आपले यकृत रक्तात थोडी थोडी साखर सोडत असते आणि मेंदू त्या साखरेवर चालतो. दारू पोटात गेली की यकृत ती निकालात काढण्याच्या मागे लागते आणि नवी साखर तयार करणे मागे पडते. मधुमेह नसलेल्या माणसाचे शरीर बहुतेक वेळा हे सावरून घेते. पण ज्याने इन्सुलिन टोचून घेतले आहे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी गोळी घेतली आहे, त्याच्या अंगात साखर उतरवणारे औषध आधीच काम करत असते. एकीकडे औषध साखर उतरवते आहे, दुसरीकडे यकृत ती पुरवत नाही, आणि पोटात चकण्याच्या मूठभर शेंगदाण्यांशिवाय काही नाही. हा परिणाम ग्लास हातात असताना जाणवेलच असे नाही. तो मध्यरात्री दिसतो, पहाटे दिसतो, कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. पिऊन २४ तास होईपर्यंत हा धोका असतो. म्हणजे मशीनवर दिसलेला ५५ चा आकडा हा दारू औषधासारखी लागू पडल्याचा पुरावा नव्हे. शुगर ७० च्या खाली गेली की ती धोक्याची वेळ असते.

बाकीचे नुकसान थोडक्यात सांगतो, कारण ते हळूहळू होते आणि त्यावर बरेच बोलले जाते. बिअरने शुगर आधी चढते. मेटफॉर्मिन घेणाऱ्याने सतत आणि भरपूर प्यायली तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका वाढतो, हा प्रकार क्वचित होतो पण झाला तर जिवावर बेततो. वर्षानुवर्षांच्या दारूने स्वादुपिंड खराब होऊन मुळात मधुमेह नसलेल्यालाही तो जडू शकतो. पायाच्या नसा मधुमेहही मारतो आणि दारूही मारते. गटारात, कचऱ्यात उतरून काम करणाऱ्या माणसाच्या पायाला काच लागली आणि ती कळलीच नाही, तर पुढे बोट कापावे लागते, मग पाऊल. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता खरा पेच. शुगर उतरली की माणसाला काय होते? घाम फुटतो, हातपाय थरथरतात, जीभ जड होते, तोल जातो, चिडतो, शिव्या देतो, अंगावर धावून येतो, आणि शेवटी कोसळतो. हे वर्णन वाचून तुमच्या डोळ्यासमोर कोण आले? तोंडाला वास येत असेल तर दुसरी शंका कोणाच्या मनात येतच नाही.

आमच्या कामाच्या भागात कंत्राटी सफाई करणारे एक दादा आहेत. पहाटेची ड्युटी, त्यामुळे गोळी कधी उपाशीपोटी, कधी दुपारी, कधी नाहीच. संध्याकाळी नाइंटी ठरलेली, कारण त्यांच्याच शब्दांत, 'त्या वासानंतर जेवण जात नाही.' एका रात्री ते चाळीच्या तोंडाशी ओट्यावर पडले. येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिले, 'उतरेल सकाळपर्यंत' म्हणाले. घरच्यांनीही पाहिले, कारण असे पूर्वीही झाले होते. सकाळी ते उठेनात तेव्हा रिक्षात घालून एका सरकारी रुग्णालयात नेले. तिथेही आधी 'बेवडा' म्हणून बाकावर ठेवले. शुगर तपासली तेव्हा ती २८ निघाली. सलाईनमधून ग्लुकोज दिले, जीव वाचला. पण मेंदूला इतके तास साखर मिळाली नव्हती. आज त्यांना धाकट्या मुलीचे नाव कधी आठवते, कधी आठवत नाही. कंत्राटदाराने दुसरा माणूस घेतला.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही टॅलकॉट पार्सन्सची 'रुग्णाची भूमिका' शिकलो. समाज आजारी माणसाला दोन सवलती देतो: रोजच्या जबाबदाऱ्यांतून सूट, आणि आजाराचा दोष त्याच्यावर न ठेवणे. बदल्यात त्याने बरे व्हायची इच्छा धरावी आणि डॉक्टरचे ऐकावे. परीक्षेला हे उत्तर चांगले होते. पण पार्सन्सच्या चौकटीत जात नव्हती. क्लबात दोन पेग घेऊन घामाघूम झालेला साहेब खुर्चीतून घसरला तर चार लोक धावतात, कोणी ड्रायव्हरला हाक मारते, कोणी त्याच्या खिशात गोळ्या शोधते. त्याला रुग्ण व्हायला एक क्षण पुरतो. आपल्या दादाला त्यासाठी अख्खी रात्र ओट्यावर काढावी लागली. दोघांच्या पोटात दारूच होती.

प्रस्थापितांनी असे केले तर आपण त्याला जातीयता म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. पण त्या ओट्यावरून जाणारे लोक आपलेच होते ना?

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. त्याला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण हा आपल्या कोणाच्या उपयोगी पडत नाही असे त्यांचे म्हणणे होते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि मग संघाला बोलावून जाब विचारला. जाब त्या आजारी माणसाला विचारला नव्हता, हे आपल्या विहारांतल्या काही पदाधिकाऱ्यांनी जरा लक्षात घ्यावे.

शीलांना पालीत सिक्खापद म्हणतात. शिकायची पायरी. माणूस ती स्वतःहून घेतो, घसरला तर पुन्हा घेतो. वर बसून शिक्षा देणारा कोणी देव धम्मात नाही. मग ती शिक्षा द्यायचा ठेका आपण कुठून घेतला? पाचव्या शीलाचा मुद्दा प्रमादाचा आहे, बेसावधपणाचा आहे. बेशुद्ध माणसाची शुगर न तपासता पुढे जाणे हाही बेसावधपणाच.

बाबासाहेबांना मधुमेह होता हे आपल्याला माहीत असते, पण ते आपण त्यागाच्या गोष्टीत सांगतो. शेवटच्या वर्षांत पाय दुखत, दृष्टी मंदावली होती, इन्सुलिन घ्यावे लागत होते. दारूला कधीही न शिवलेल्या त्या माणसाच्या पथ्याकडे आणि इंजेक्शनकडे लक्ष द्यायला घरात माईंसारख्या स्वतः डॉक्टर असलेल्या व्यक्ती होत्या. तरीही त्या आजाराने त्यांना सोडले नाही. आपल्या दादाला तर दुपारचा डबा वेळेवर खायची सुट्टीही मिळत नाही.

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतात, 'असे बोलाल तर लोकांना पिण्याची सूट मिळेल.' मुळीच नाही. मधुमेहात सर्वांत सुरक्षित दारू म्हणजे शून्य दारू, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. पण ज्याने आज घेतली आहे त्याचे काय करायचे, हा प्रश्न त्याने राहत नाही थांबायचा. शिवाय लपवण्याचा परिणाम बघा. दवाखान्यात जायचे म्हणून माणूस दोन दिवस पीत नाही. शुगर चढलेली दिसते. डॉक्टर विचारतात, 'दारू?' तो म्हणतो, 'नाही साहेब.' डॉक्टर गोळी वाढवतात. तिसऱ्या दिवशी त्या वाढवलेल्या गोळीवर तो पुन्हा पितो. उलटेही होते: 'आज घेणार आहे, गोळी नको' म्हणून औषध चुकवले जाते आणि शुगर चारशेवर जाते. आशाताई शेजारच्याच गल्लीतल्या, त्यांना सांगितले तर गावभर होईल ही भीती. पिणाऱ्या बायांचे तर बोलायलाच नको, त्या दुप्पट लपवतात.

आणखी एक गोष्ट, तळमळीच्या कार्यकर्त्यांसाठी. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला विहारात आणून एका दिवसात बंद करायला लावू नका. अचानक तोडल्यावर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. त्यातही घाम आणि थरथर असते, म्हणजे शुगर उतरल्याची आणि दारू तुटल्याची लक्षणे पुन्हा एकमेकांत मिसळतात. प्रतिज्ञा जरूर द्या, पण आधी डॉक्टर. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, बऱ्याच शहरांत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी बैठका होतात, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

सरकारबद्दल काय बोलावे! महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, आणि तो कागदोपत्री मिळतो कशासाठी तर आरोग्य जपण्यासाठी. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. दुकान आपल्या वस्तीच्या तोंडाशी येते, तिजोरी भरते, आणि सरकारी दवाखान्यात गोळी असली तरी घरी शुगर तपासायच्या पट्ट्या आपल्याच खिशातून घ्याव्या लागतात. आडवी बाटलीसाठी लढणाऱ्या बाया आपल्याच आहेत, त्यांच्या मागणीत या पट्ट्याही आल्या पाहिजेत.

कार्यकर्त्याला यातले किती करता येईल? बरेच. पडलेल्या माणसाला मधुमेह आहे का, हे घरच्यांना विचारा. मशीन जवळ असेल तर तपासा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, सावरला की पोटभर जेवू घाला आणि रात्री एकटा झोपू देऊ नका. मशीन नसेल तरी साखर द्या. चढलेल्या शुगरला त्या चार चमच्यांनी फार फरक पडत नाही, उतरलेल्या शुगरला पडतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा. आणि रुग्णालयात तिन्ही गोष्टी स्पष्ट सांगा: मधुमेह आहे, अमुक औषध चालू आहे, दारू घेतली आहे. त्याची इज्जत वाचवायला तिसरी गोष्ट गाळू नका.

जयंतीच्या मिरवणुकीत तर हे सगळे एकत्र येते: सकाळची गोळी, दिवसभर नाच, ऊन, जेवणाचा पत्ता नाही, आणि कोपऱ्यावर कोणीतरी पुढे केलेली बाटली. गेल्या १४ एप्रिलला आमच्या मंडळाने डीजेच्या खर्चातून एक ग्लुकोमीटर, दोन डब्या पट्ट्या आणि पाच किलो साखर घेतली आणि पाण्याच्या स्टॉलवर ठेवली. दोन ज्येष्ठांनी हरकत घेतली, की यामुळे आपले लोक पितात असा संदेश जातो. रात्री नऊपर्यंत एकोणीस जणांनी बोट पुढे केले, त्यात हरकत घेणाऱ्यांपैकी एक होते. यंदा दोन मशीन लागतील.