विश्लेषण : जगज्जेत्याला दोनदा हरवणारा बुलढाण्याचा प्रथमेश; ऑलिंपिकच्या एका जागेसाठी त्याचे पारडे किती जड?

कंपाउंड तिरंदाजी २०२८ मध्ये पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये येत आहे. मात्र, देशाला एकच मिश्र जोडी मिळणार. म्हणजे पुरुष एकच. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरची शक्यता कशी मोजायची?

मे २०२३. चीनमधील शांघाय. तिरंदाजी विश्वचषकाच्या दुसऱ्या टप्प्याची अंतिम लढत. एका बाजूला नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जागतिक क्रमवारीत अव्वल, ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणून ओळखला जाणारा. दुसऱ्या बाजूला १९ वर्षांचा प्रथमेश जावकर. रेल्वे स्थानक नसलेल्या, गाडी पकडायला मलकापूर किंवा शेगाव गाठावे लागणाऱ्या बुलढाणा शहरातला मुलगा. १५ बाणांनंतर फलक होता १४९-१४८. सुवर्ण बुलढाण्याकडे आले.

त्यानंतर कंपाउंड तिरंदाजीचे जगच बदलले. त्यामुळे जिल्ह्यात विचारला जाणारा प्रश्नही बदलला आहे. आधी विचारले जायचे, ‘या खेळात पुढे काय?’ आता विचारले जाते, ‘प्रथमेश ऑलिंपिकला जाणार का?’ दोन्ही प्रश्नांची उत्तरे वाटतात तितकी सरळ नाहीत.

कंपाउंड म्हणजे नेमके काय?

तिरंदाजीचे दोन मुख्य प्रकार आहेत. ऑलिंपिकमध्ये आजवर दिसत आलेला रिकर्व्ह आणि टोकांना कप्पी असलेला कंपाउंड. कंपाउंडचा ताण जास्तीत जास्त ६० पौंड असू शकतो. मात्र, दोरी पूर्ण ओढली की कप्पीमुळे हातावरचा भार बराच कमी होतो आणि नेम स्थिर धरता येतो. नेमासाठी भिंग आणि बाण सोडण्यासाठी रिलीजचे बटण असते.

यंत्राची मदत जास्त, म्हणून चुकीला माफी कमी. रिकर्व्हमध्ये ७० मीटरवरून १२२ सेंटिमीटरच्या लक्ष्यावर बाण मारतात. कंपाउंडमध्ये अंतर ५० मीटर, पण दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटरचे, साधारण चहाच्या कपाच्या तोंडाएवढे. रिकर्व्हच्या लढती सेटमध्ये होतात. एक सेट गेला तरी पुढच्यात भरपाई करता येते. कंपाउंडमध्ये १५ बाणांच्या गुणांची थेट बेरीज होते. पहिल्या बाणाला गेलेला गुण शेवटच्या बाणापर्यंत गेलेलाच राहतो.

प्रथमेशच्या नावावर काय आहे?

प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांच्या हाताखाली बुलढाण्यात घडलेल्या प्रथमेशसाठी २०२३ हे वर्ष तीन कारणांनी मोठे ठरले.

पहिले, शांघायचे सुवर्ण. दुसरे, त्याच वर्षी मेक्सिकोतील हर्मोसिलो येथे झालेली विश्वचषकाची अंतिम स्पर्धा. वर्षभरातील निवडक तिरंदाजांनाच तिथे प्रवेश असतो. तेथे उपांत्य फेरीत प्रथमेशने श्लोसरला पुन्हा हरवले. अंतिम लढतीत डेन्मार्कच्या मथियास फुलर्टनशी १४८-१४८ अशी बरोबरी झाली आणि शूट-ऑफमध्ये, म्हणजे एकेका बाणाच्या निर्णायक फेरीत, त्याच्या वाट्याला रौप्य आले.

तिसरे, हांगझोऊ आशियाई स्पर्धा. अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश या तिघांनी सांघिक अंतिम लढतीत दक्षिण कोरियाला २३५-२३० असे नमवून सुवर्ण जिंकले. भारताने तिथे कंपाउंडची पाचही सुवर्णपदके घेतली. मात्र, वैयक्तिक बाद फेरीत एका देशाचे दोघेच उतरू शकतात. त्या दोन जागा ओजस आणि अभिषेक यांच्याकडे गेल्या आणि सुवर्ण-रौप्यही त्यांनीच नेले. अंतर्गत स्पर्धा किती तीव्र आहे, हे तेव्हाच दिसले होते.

अव्वल खेळाडूला हरवले म्हणजे तोच सर्वोत्तम?

इथे थोडे गणित उपयोगी पडते. समजा, एक तिरंदाज १०० पैकी ९० वेळा दहाच्या वर्तुळात बाण मारतो आणि दुसरा ८६ वेळा. बाकीचे बाण नऊवर जातात. ७२ बाणांच्या मानांकन फेरीत पहिल्याचे सरासरी गुण होतील सुमारे ७१३ आणि दुसऱ्याचे ७१०. कागदावर पहिला सरस आहे, यात वाद नाही.

आता दोघांची १५ बाणांची लढत लावा. प्रत्येक बाण स्वतंत्र मानला आणि बरोबरीनंतरचा शूट-ऑफ निम्म्या-निम्म्या संधीचा धरला, तर कमी ताकदीचा तिरंदाज १०० पैकी साधारण ३७ लढती जिंकतो. लढत छोटी असली की नशिबाचा वाटा वाढतो, तो असा.

याचा अर्थ शांघायच्या एका विजयावरून ‘प्रथमेश श्लोसरपेक्षा सरस’ असे म्हणता येत नाही. पण एकाच मोसमात, दोन वेगळ्या खंडांत, दोन वेगळ्या स्पर्धांच्या शेवटच्या टप्प्यात तोच खेळाडू दोनदा हरला, तर? वरच्या उदाहरणातल्या कमी ताकदीच्या तिरंदाजाला सलग दोनदा असे जमण्याची शक्यता १०० पैकी १४ च्या आसपास उरते. अशक्य नाही, पण निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखेही नाही. निष्कर्ष इतकाच : २०२३ चा प्रथमेश जगातल्या पहिल्या फळीत बसणारा होता, हे त्याच्या निकालांतून दिसते. तो तिथे टिकला का, हे दोन लढती सांगू शकत नाहीत. त्यासाठी शेकडो बाणांचा हिशेब लागतो.

परदेशात खेळाडू कसे पारखतात?

खेळाडूचा पुढचा काळ आकड्यांवरून ओळखण्याचा सर्वांत मोठा उद्योग अमेरिकन फुटबॉलमध्ये चालतो. महाविद्यालयीन खेळाडूंना इंडियानापोलिसमध्ये बोलावून त्यांची धाव, उडी, ताकद मोजली जाते आणि नंतर ३२ व्यावसायिक संघ त्यांची निवड करतात. चेंडू झेलण्यासाठी पुढे पळणाऱ्या खेळाडूला ‘वाइड रिसीव्हर’ म्हणतात. त्याच्या बाबतीत ४० यार्डांच्या धावेची वेळ हा सर्वाधिक चर्चेचा आकडा असतो.

२०१७ मध्ये जॉन रॉसने ही धाव ४.२२ सेकंदांत पूर्ण करून तेव्हाचा विक्रम केला आणि सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. त्याच वर्षी तुलनेने लहान विद्यापीठातून आलेला, वेगात बराच मागे असलेला कूपर कप तिसऱ्या फेरीपर्यंत थांबला. पुढे दुखापतींनी घेरलेल्या रॉसला अपेक्षा पूर्ण करता आल्या नाहीत. कपने मात्र २०२१ च्या मोसमात सर्वाधिक झेल, सर्वाधिक यार्ड आणि सर्वाधिक टचडाउन असे तिन्ही मान मिळवले आणि सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला.

यातला धडा तिरंदाजीलाही लागू पडतो. मोजायला सोपा असलेला आकडा आणि सामन्यात उपयोगी पडणारे कौशल्य यांत फरक असतो. मानांकन फेरीचे गुण ही तिरंदाजीतली ‘४० यार्डांची धाव’ आहे. समोर प्रतिस्पर्धी, डोक्यावर २० सेकंदांचे घड्याळ आणि शेवटच्या बाणाला दहाच हवा, अशा वेळी हात किती स्थिर राहतो, हे त्या गुणांत दिसत नाही. प्रथमेशची जमेची बाजू नेमकी हीच आहे. त्याचे सर्वांत मोठे विजय सर्वांत मोठ्या दडपणाखाली आले आहेत.

मग अडचण कुठे आहे?

अडचण परदेशी तिरंदाजांची कमी आणि भारतीय तिरंदाजांची जास्त आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील ग्वांगजू येथे भारताने पुरुष कंपाउंड सांघिक गटात पहिल्यांदाच जागतिक विजेतेपद मिळवले. अंतिम लढतीत फ्रान्सला २३५-२३३ असे हरवले. संघ होता ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे. (नावसाधर्म्यामुळे अनेकांची गफलत होते. हा प्रथमेश वेगळा, बुलढाण्याचा नव्हे.) दोन वर्षांपूर्वी आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या तिघांपैकी एकही या संघात नव्हता. त्यातला ओजस तर २०२३ चा वैयक्तिक जगज्जेता. बर्लिनच्या अंतिम लढतीत त्याने १५० पैकी १५० गुण घेतले होते.

थोडक्यात, भारतात या प्रकारात पहिल्या काही तिरंदाजांमधले अंतर दोन-तीन गुणांचे आहे. निवड चाचणीच्या आठवड्यात खांदा थोडा दुखला, धनुष्याची जुळवणी किंचित बिघडली, तरी वर्ष हातचे जाते. संघाबाहेर राहणे म्हणजे खेळ संपणे नव्हे. पण संघाबाहेर राहिले की मोठ्या स्पर्धा कमी होतात आणि मोठ्या स्पर्धांशिवाय दडपणाचा सराव होत नाही.

२०२८ चे गणित काय?

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजलिस स्पर्धेत कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश केला. फक्त मिश्र, वैयक्तिक नाही. म्हणजे भारत पात्र ठरला तर एक पुरुष आणि एक महिला जाणार.

मिश्र लढतीत दोघे मिळून १६ बाण मारतात आणि कमाल गुण १६० असतात. इथे जोडीचा ताल महत्त्वाचा. एकाने वेळ जास्त घेतला तर दुसऱ्याला घाई होते. हांगझोऊमध्ये ओजस आणि ज्योती सुरेखा वेन्नम यांनी कोरियाला १५९-१५८ असे हरवले. ग्वांगजूमध्ये ऋषभ आणि ज्योती यांना श्लोसर आणि साने डी लाट यांच्या डच जोडीकडून १५५-१५७ अशी हार पत्करावी लागली. निवडीच्या वेळी ‘सर्वाधिक गुणांचा पुरुष’ पाहायचा की ‘सर्वाधिक जुळणारी जोडी’, हा प्रश्न येत्या काळात कळीचा ठरेल.

वय प्रथमेशच्या बाजूने आहे. २०२८ मध्ये तो पंचविशीच्या आसपास असेल. या खेळात तो उताराचा काळ नाही. १९८९ मध्ये जन्मलेल्या अभिषेक वर्माने हांगझोऊत ३४ व्या वर्षी सुवर्ण आणि रौप्य मिळवले. लॉस एंजलिसच्या वेळी श्लोसरही ३४ चा असेल.

आणि पोटापाण्याचे काय?

घराघरांत खरी चर्चा याचीच असते. स्पर्धेच्या दर्जाचा कंपाउंड धनुष्य, भिंग, स्टॅबिलायझर आणि बाण असा संच लाखाच्या पुढे जातो. बाण झिजतात, दोऱ्या बदलाव्या लागतात. कापूस आणि सोयाबीनच्या भावावर वर्षाचे गणित मांडणाऱ्या घरासाठी हा खर्च म्हणजे मोठा निर्णय आहे.

परताव्याचे आजवरचे मार्ग तीन. पहिला, पदकांनंतर मिळणारी सरकारी रोख बक्षिसे. ती मोठी असतात, पण पदक येईपर्यंत हाती काही नसते. दुसरा, नोकरी. महाराष्ट्रात शासकीय भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. अभिषेक वर्माही आयकर खात्यात नोकरी करत खेळत आला. तिसरा मार्ग नवा आहे, व्यावसायिक लीग. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीच्या यमुना क्रीडा संकुलात तिरंदाजी प्रीमियर लीगचा पहिला मोसम झाला. सहा संघांमध्ये महाराष्ट्राचा ‘मायटी मराठाज’ही होता आणि रिकर्व्ह व कंपाउंडचे तिरंदाज एकाच संघातून उतरले.

मात्र, ही लीग वर्षातून काही दिवसांची आहे आणि तिचा एकच मोसम झाला आहे. प्रो कबड्डीसारखी ती गावोगावच्या खेळाडूंचे उत्पन्न ठरेल का, हे सांगायला आणखी काही मोसम जावे लागतील. सध्या तरी नोकरी हाच पाया आणि लीग ही वरकमाई, असेच गणित धरणे शहाणपणाचे.

बुलढाण्यासाठी याचा अर्थ काय?

प्रथमेश एकटा नाही. बुलढाण्याचाच मिहीर अपार भारताच्या ज्युनियर संघातून खेळला आहे. एका शहरातून दोन आंतरराष्ट्रीय कंपाउंड तिरंदाज निघतात, तेव्हा त्यामागे मैदान, प्रशिक्षक आणि एकमेकांशी रोज होणारी चुरस असते. नव्याने धनुष्य हाती घेणाऱ्या मुलासाठी ही चुरस कुठल्याही योजनेपेक्षा जास्त मोलाची.

पण पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑलिंपिकचे दार उघडले असले, तरी ते एका माणसापुरतेच उघडले आहे. बाकीच्यांसाठी विश्वचषक, आशियाई स्पर्धा, विद्यापीठ स्पर्धा आणि नोकरी हाच मार्ग राहणार आहे. दहावी-बारावीनंतर शिक्षण सोडून पूर्णवेळ धनुष्य धरण्याइतकी हमी हा खेळ आजही देत नाही.

पुढे कशावर लक्ष ठेवायचे?

तीन गोष्टींवर. राष्ट्रीय निवड चाचण्यांतील प्रथमेशचे मानांकन फेरीचे गुण, एका दिवसाचे नव्हे तर सलग काही स्पर्धांचे. भारतीय संघात परतल्यास मिश्र जोडीत मिळणारी संधी. आणि सप्टेंबर २०२६ मध्ये जपानमधील आयची-नागोया येथे सुरू होणाऱ्या आशियाई स्पर्धेसाठीचा संघ.

शांघायमध्ये दिसलेली गुणवत्ता खरी होती, हे आकडे सांगतात. त्या गुणवत्तेला पुन्हा मोठे मैदान मिळते का, हे आता परदेशी जगज्जेत्यांपेक्षा देशातल्याच चार-पाच जणांविरुद्धच्या दोन-तीन गुणांवर ठरणार आहे.