दहावा ग्रह

मैत्रिणींनो,

पेरणीच्या आधीचे दिवस होते. आपल्या सल्ला केंद्रात गंगाखेडकडची एक बाई आली. हाताला पट्टी, कडेवर लहान मूल, खांद्याला प्लास्टिकची पिशवी. आम्ही म्हटलं, कागद काय काय आणलेत ते दाखव. पिशवीत दवाखान्याची चिठ्ठी होती, रेशनकार्ड होतं, आधार कार्ड होतं. पण तिनं सगळ्यांत आधी काढली ती हळदकुंकवाचे डाग पडलेली, घडीवर फाटत आलेली पत्रिका. "ताई, आधी हे बघा. मला मंगळ हाय. त्यांचा तरी काय दोष? माझ्याच नशिबात तसं लिव्हलंय."

मार तिनं खाल्ला होता, हात तिचा मोडता मोडता वाचला होता, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तिनं उभं केलं होतं मंगळाला. म्हणजे खरं तर स्वतःलाच. कारण मंगळ नवऱ्याच्या नव्हे, तिच्या पत्रिकेत होता.

त्या दिवशी संध्याकाळच्या बैठकीत आपल्यातच जोरात वाद झाला. एक तरुण कार्यकर्ती चिडून म्हणाली, "ती पत्रिका तिच्यासमोर फाडून टाकायला हवी होती. आपण असल्या गोष्टी ऐकून घेतो म्हणूनच त्या चालतात." आपल्या गटातल्या एक माळकरी आजी गप्प बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "फाडा की. पण तिच्या हातात दुसरं काय देणार आहात ते आधी सांगा." वाद तिथं मिटला नाही, आजही मिटलेला नाही. या अंकाचं संपादकीय त्या वादातूनच लिहिते आहे. श्रद्धा आणि न्यायाची जाण, या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात एकत्र नांदू शकतात का? आणि त्यात या पत्रिकेचं काय करायचं?

आधी पत्रिकेकडे सरळ हिशोबानं पाहू. पत्रिकेत बारा स्थानं. त्यांतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मंगळदोष. बारातली पाच, म्हणजे शंभर जन्मांत एकेचाळीस-बेचाळीस. इतक्या माणसांचे संसार जर जन्मतःच मोडायचे असतील तर गावोगावची निम्मी घरं ओस पडायला हवीत. ती पडत नाहीत, म्हणून मग अपवाद काढले जातात. मंगळ स्वराशीत आहे, सौम्य आहे, गुरूची दृष्टी आहे. हे अपवाद केव्हा सापडतात ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बापाजवळ ओलिताची जमीन असली, हुंडा मनासारखा ठरला, की मंगळ आपोआप सौम्य होतो. बाप कोरडवाहू असला की तोच मंगळ कडक. मंगळ मुलांच्या पत्रिकेतही तितकाच असतो. पण "मंगळाचा" म्हणून किती मुलगे घरात बसून राहिलेले तुम्ही पाहिलेत?

गुणमेलनाचंही तसंच. दोघांच्या जन्मनक्षत्रांवरून छत्तीस गुण मोजायचे, अठरा जुळले की चालतं. या छत्तिसांत तो दारू पितो का, हा गुण नाही. त्याच्यावर कर्ज किती, त्याला आजार कोणता, त्याची पहिली बायको का निघून गेली, याला एकही गुण नाही. मुलीला विचारलं का, याला तर नाहीच नाही.

शिवाय आपल्या भागातल्या किती बायकांना आपली जन्मवेळ ठाऊक आहे? शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लिहिलेला, तोच जन्मदिवस. जन्मवेळ नसली की नावावरून रास काढतात. आणि लग्नात सासरच्यांनी नाव बदललं की? माहेरच्या नावाची रास खरी की तांदळात लिहिलेल्या नव्या नावाची? साडेसाती कोणत्या नावाला लागते?

हे नुसते तर्काचे खेळ नाहीत. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांना जाहीर आवाहन करून एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पत्रिका दिल्या आणि मूल कोणत्या गटातलं एवढंच ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली शेकडा शेहेचाळीस. नाणं उडवून सांगितलं असतं तरी शंभरातली पन्नासच्या आसपास बरोबर आली असती.

पण मैत्रिणींनो, हा हिशोब त्या बाईपुढे मांडून ती उठून उभी राहिली असती का? मला नाही वाटत. कारण ती ज्योतिषाकडे भविष्य विचारायला गेलीच नव्हती. ती गेली होती ऐकून घेणारं कुणी हवं होतं म्हणून. तिनं सांगितलं, तिथं तिला अर्धा तास मिळाला. कोणत्या वारी जन्मलीस, दिवस होता की रात्र, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. तिच्या दुःखाला तिथं एक नाव मिळालं, एक मुदत मिळाली: अमुक महिन्यानंतर बरे दिवस आहेत. आणि आपण तिला काय देतो? एक छापील अर्ज. पोलीस ठाण्यात मिळतो तो बाकडा. कोर्टात मिळते ती पुढची तारीख. मग ती आधी तिकडे जाते यात नवल कसलं? समाजकार्याचं शिक्षण घेताना "आधी ऐका" हे आम्ही पाठ केलं होतं. पण ते खऱ्या अर्थानं शिकवलं ते या बाईच्या पत्रिकेनं.

म्हणून भांडण तिच्या श्रद्धेशी नाही. भांडण आहे ते दोष इकडचा तिकडे सरकवण्याशी. नवरा मारतो, तर मंगळ. कापूस बोंडअळीनं गेला, तर शनी. विहिरीवरच्या मोटारीचं कर्ज फिटत नाही, तर राहू. ज्याला जाब विचारायचा तो घरात, बाजारात, कचेरीत बसलेला असतो. आणि आपण बोट दाखवतो आभाळाकडे. आभाळ उत्तर देत नाही, ही सगळ्यांच्याच सोयीची गोष्ट.

आपल्या जुन्या लोकांनी जावयाला दहावा ग्रह म्हटलेलं आहे. नऊ ग्रह परवडले, पण याची शांत काही होत नाही, अशी ती थट्टा. थट्टेत म्हटलं असलं तरी त्यांना खरं ते दिसत होतं. बाईच्या आयुष्याला जो ग्रह खरोखर लागतो तो आभाळात नसतो. तो हुंड्यात असतो, दारूत असतो, सातबाऱ्यावर तिचं नाव नसण्यात असतो.

आपल्या परभणी जिल्ह्याचंच पाहा. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शेकडा सुमारे अठ्ठेचाळीस जणींची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. राज्याचा आकडा सुमारे बावीस. लग्नं का लवकर होतात असं विचारलं की पुष्कळदा उत्तर मिळतं, "यंदा गुरुबळ होतं, पुढं योग नव्हता." योग खरोखर कोणता होता? दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाणार. वयात आलेली मुलगी मागं कुणाजवळ ठेवायची ही धास्ती. गावात आठवीपुढं शाळा नाही, एसटी वेळेवर नाही. आणि कारखान्याच्या हिशोबात नवराबायको मिळून एक कोयता, म्हणून मुलाच्या घरालाही घाई. गुरुबळ या सगळ्याला फक्त तारीख देतं. पत्रिका बाजूला ठेवली तरी लग्न थांबणार नाही. ते थांबेल वसतिगृहानं, एसटीनं, हंगामात मुलीच्या राहण्याच्या सोयीनं. हे मागण्याऐवजी नुसती ज्योतिषावर टीका करत बसलो, तर आपणही दोष सरकवतोच आहोत.

आणि हे फक्त पत्रिका असणाऱ्या घरांतच चालतं असं नाही. पत्रिका नसेल तिथं देवऋषी आहे, अंगारा आहे, ताईत आहे. दुःखाला जातधर्म नसतो, तसा दुःखावरच्या दुकानालाही नसतो. ते दुकान कुठवर जाऊ शकतं हे आपल्या जिल्ह्यानं भोगलेलं आहे. १९७२ ते १९७४ या काळात मानवतमध्ये एकामागून एक खून झाले, बहुतेक बळी बायका आणि लहान मुली. गुप्तधन आणि मूलबाळ मिळावं म्हणून मांत्रिकी विधीसाठी ते झाले, असा खटला पुढं चालला. मेलेल्यांत बायका आणि मुलीच का जास्त, हा प्रश्न त्या वेळी फार थोड्यांनी विचारला. महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं, तेही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. तो कायदा अघोरी प्रकारांना पकडतो. पत्रिका पाहणाऱ्याला तो हात लावत नाही. म्हणजे कायद्याची हद्द संपते तिथून पुढचं काम आपलं आहे, आणि ते समजावण्याचंच आहे.

मग श्रद्धेचं काय? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. गंगाखेड हे जनाबाईचं गाव. आईबापांपासून दूर, नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेली ही बाई. तिनं विठ्ठलाकडं ग्रहांची शांत नाही मागितली. तिच्या कथेत देव तिच्या जात्याचा खुंटा धरतो, तिच्याबरोबर दळू लागतो. मला ही कथा फार मोलाची वाटते. देव असावा तर असा: कष्टात वाटेकरी होणारा, दक्षिणा न मागणारा, आणि "तुझंच काहीतरी चुकलं असेल" असं कधीही न म्हणणारा. वारीला जाणाऱ्या, उरुसाला जाणाऱ्या, विहारात वंदनेला बसणाऱ्या आपल्या कितीतरी मैत्रिणी याच बळावर मोर्च्यातही चालतात. त्यांना श्रद्धा सोडा म्हणणं हा उद्धटपणा होईल.

म्हणून आता केंद्रात कुणी पत्रिका काढली की आम्ही ती परत पिशवीत घालायला सांगत नाही. टेबलावरच ठेवतो आणि चार प्रश्न मिळून विचारतो. यात दोष कुणावर येतो, तुझ्यावर की करणाऱ्यावर? यासाठी पैसा कुणाचा गेला, कुणाच्या खिशात गेला? हे केल्यावर तुझ्या अंगात बळ येतं की भीती वाढते? आणि हे होईपर्यंत तू काय करायचं थांबवून ठेवलं आहेस? ज्या व्रतानं मन शांत होतं ते बाईनं खुशाल करावं. ज्या शांतीसाठी पोत गहाण पडते आणि तक्रार लांबते, ती शांती नव्हे.

हेच प्रश्न आपण समाजालाही विचारू शकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. देवधर्म बुडाला नाही. तिथल्या लोकांनी एवढंच ठरवलं की मरणाचा दोष जिवंत बाईच्या कपाळी लावायचा नाही. आपल्याकडं शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली की सुनेला "पांढऱ्या पायाची" म्हणणारी घरं अजून आहेत. आपल्या किती ग्रामसभांत हा ठराव आला?

त्या बाईचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली तिनं अर्ज दिला. मधे दोनदा ती नांदायला परत गेली, दोनदा पुन्हा आली. मंगळाची शांत करायला सासरनं पैसे मागितले, तेव्हा मात्र तिनं स्वतःच विचारलं, "शांत केल्यावर दारू सुटंल का त्यांची?" कुणाजवळच उत्तर नव्हतं. कोर्टाची तारीख नेमकी मंगळवारी पडली. आम्हाला वाटलं, ती उपासाचं निमित्त करून टाळणार. तर म्हणाली, "उपास तर धरणारच हाय. शाबुदाण्याचा डबा घेऊन येते. तुमच्यासाठी पण आणू का?"

ती आली. पत्रिका अजून पिशवीत आहे. पण आता ती दवाखान्याच्या चिठ्ठीच्या खाली असते.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, तुमच्या गटात हा वाद कसा होतो? ज्या तरुण कार्यकर्तीला पत्रिका फाडावीशी वाटली तिचं म्हणणं, आणि माळकरी आजींचं म्हणणं, दोन्ही आम्हाला जवळचं वाटतं. तुम्हाला काय वाटतं, तुम्ही काय केलंत, ते जरूर लिहा. पुढच्या अंकात तुमची पत्रं छापू.

तुमचीच,
संपादक मंडळाच्या वतीनं