संशयाची नोंद

इयत्ता चौथीतील एक मुलगी काही दिवसांपासून शाळा सुटल्यावर घरी जाण्याचे टाळते. मधल्या सुट्टीत एकटी बसते, कोणी जवळ आले की दचकते. वर्गशिक्षिकेने मायेने विचारले, तेव्हा ती एका परिचित गृहस्थाचे नाव घेते आणि गप्प होते. तुमसर, साकोली, पवनी वा लाखांदूर, भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही शाळेत असा प्रसंग उद्भवू शकतो. शिक्षिका मुख्याध्यापकांकडे जाते, मुख्याध्यापक संस्थेच्या अध्यक्षांना कळवतात. अध्यक्ष म्हणतात, “आधी आपण चौकशी करू. खरे निघाले तर पुढचे पाहू. शाळेच्या नावाचा आणि मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे.” हे बोलणे वरकरणी समंजसपणाचे वाटते, कायद्याच्या दृष्टीने मात्र चूक येथेच होते.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा ‘पोक्सो’ कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. त्याच्या कलम १९ प्रमाणे, अठरा वर्षांखालील बालकाविरुद्ध असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंवा तो घडण्याची ज्याला भीती वाटते, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला अथवा स्थानिक पोलिसांना कळवले पाहिजे. केवळ मुख्याध्यापकांच्या कानावर घातल्याने शिक्षकाचे हे कर्तव्य पूर्ण होत नाही. पुरावा गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने शिक्षकावर टाकलेली नाही. ते काम तपास यंत्रणेचे आहे.

माहिती दडवणाऱ्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेतील एखाद्या कर्मचाऱ्याने असा गुन्हा केला आणि संस्थेच्या प्रमुखाने तो कळवला नाही, तर त्या प्रमुखासाठी हीच मर्यादा एक वर्षापर्यंत जाते आणि दंडही होतो. व्यापारी घराण्यांतील अनेक मान्यवर शाळा व वसतिगृहांचे विश्वस्त म्हणून सेवा देतात. मानाच्या पदासोबत येणारी ही जबाबदारी त्यांनी आवर्जून जाणून घ्यावी.

भंडाऱ्याला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील प्रकरण या संदर्भात बोलके आहे. २०१९ मध्ये तेथील एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. पीडित मुलींची संख्या सतरा होती. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हा प्रकार कळूनही त्यांनी तो पोलिसांना कळवला नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. अत्याचार ठाऊक असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा त्यातून अपराध्यालाच आडोसा मिळतो, असे न्यायालयाने बजावले. माहितीला उशीर झाला की वैद्यकीय तपासणीलाही उशीर होतो आणि पुरावा नाहीसा होतो, हेही त्या निकालात अधोरेखित झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, तेव्हाही शाळेने तो वेळीच का कळवला नाही, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला.

“संशय खोटा ठरला तर?” ही धास्ती स्वाभाविक आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी उत्तरदायित्व येत नाही, असे अभय कलम १९ मध्येच दिलेले आहे. शिक्षा आहे ती आकसाने, जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास. मुलीची बदनामी होईल, या चिंतेचाही कायद्याने विचार केला आहे. बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. जबाब बालकाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यावयाचा असतो. बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

लैंगिक अत्याचाराखेरीज मारहाण, उपासमार, टाकून देणे अशा प्रकारच्या छळासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ आहे. बालकाचा सांभाळ करणाऱ्यानेच त्याला क्रूरपणे वागवले किंवा हेतुपुरस्सर हेळसांड केली, तर कलम ७५ नुसार शिक्षा होते. निराधार दिसणारे अथवा पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत कळवण्याचे बंधनही याच कायद्यात आहे. अशा प्रसंगी १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर, पोलिसांकडे अथवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जाता येते.

शिक्षकाने प्रत्यक्षात करावयाचे ते थोडेच आहे. मुलाचे बोलणे शांतपणे ऐकावे, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. त्याचेच शब्द दिनांक व वेळेसह लिहून ठेवावेत. “कोणालाही सांगणार नाही” असे वचन देऊ नये. ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलावून जाब विचारू नये. पुरावा आणि मूल, दोहोंनाही त्यातून धोका संभवतो. त्यानंतर विलंब न करता पोलिसांना कळवावे. पोलिसांनी त्या माहितीला नोंद क्रमांक देऊन ती लिहून घेणे व वाचून दाखवणे बंधनकारक आहे. तो क्रमांक जपून ठेवावा. कच्च्या चिठ्ठीवरचा व्यवहार पक्क्या वहीत आल्याशिवाय हिशेबात धरला जात नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीनही प्रकारे हिंसा घडते, हे घराघरांत लहानपणापासून ऐकवले जाते. मुलाचे दुःख समजूनही संस्थेच्या नावासाठी मौन पाळणे हे अनुमोदनाच्याच जवळ जाते. विश्वस्त मंडळाच्या पुढील सभेत एक छोटा ठराव व्हावा: शिक्षकाने पोलिसांना माहिती देण्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहू नये आणि त्याबद्दल त्याच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही. तो ठराव, १०९८ हा क्रमांक आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा दूरध्वनी शिक्षक कक्षाच्या भिंतीवर लावावा. चौथीतील त्या मुलीच्या शिक्षिकेला त्या दिवशी एवढाच आधार हवा असतो.