‘स्पॅनिश’ कोणास म्हणावें?

नित्य वापरांतल्या शब्दाचा अर्थ आपणांस ठाऊक आहे, असें आपण धरून चालतों. ‘स्पॅनिश’ हा शब्दच पाहा. स्पेन देशाचा, तेथील लोकांचा वा भाषेचा, एवढाच त्याचा अर्थ. मेक्सिको किंवा पेरू देशाचा मनुष्य ती भाषा बोलतो, म्हणून तो स्पॅनिश ठरत नाहीं; इंग्रजी बोलल्यानें आम्ही तरी कोठें इंग्रज झालों?

सन १९१८ च्या भयंकर साथीस जगानें ‘स्पॅनिश इन्फ्लुएंझा’ म्हटलें. वस्तुतः लढणाऱ्या राष्ट्रांत वृत्तपत्रांवर निर्बंध होते. स्पेन तटस्थ असल्यामुळें तेथील पत्रांनीं रोगाची वार्ता मोकळेपणें छापली, राजा तेरावा आल्फोन्सो आजारी पडल्याचेंही कळविलें. खरें बोलणाऱ्याच्याच माथीं कलंक बसला! त्याच वर्षीं जूनमध्यें ती साथ मुंबईंत आली, व हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें तिला बळी पडली. आमच्या लोकांनीं तिला ‘मानमोडी’ म्हटलें. त्या नांवांत व्यथा आहे, परंतु कोणा राष्ट्रावर आरोप नाहीं. रोगांस देशांचीं नांवें देऊं नयेत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें. तें शहाणपण आमच्या खेड्यापाड्यांत पूर्वींच होतें.

तथापि आम्हींही निर्दोष नाहीं. १५८० ते १६४० पर्यंत स्पेनचा राजा हाच पोर्तुगालचाही राजा होता. म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यांतील आमचें ठाणें साठ वर्षें त्याच राजाच्या छत्राखालीं होतें. लोकांना हा भेद कशाला हवा? त्यांच्या लेखीं सारे ‘फिरंगी’! १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें, फिरंग्यांची सत्ता गेली. परंतु शब्द राहिला, आणि याच मातींतल्या, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांसही तो चिकटविला गेला.

आमच्या कोपरींतही तेंच. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबें येथें येऊन वसलीं. त्यांस ‘निर्वासित’ म्हणणें तेव्हां खरें होतें. परंतु ज्यांचा जन्मच कोपरींतला, त्या नातवंडांसही तोच शब्द लावणें न्याय्य कसें?

विद्यार्थीमित्रांनो, परक्यास नांव देण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. तें नांव खरें आहे काय, आणि ज्यास तें दिलें त्यास तें मान्य आहे काय, एवढें विचारावें. शब्दकोशांत अर्थ सांपडतो. न्याय मात्र बोलणाऱ्यानेंच करावा लागतो.