बैल सुटला, माणूस उन्हातच राहिला



शिवारात ट्रॅक्टर यायच्या आधी आपल्या रेणापूर भागात औताचा एक नेम होता. पहाटे चांदण्या असताना औत जुंपायचं आणि ऊन चढलं की सोडायचं. बैल धापा टाकायला लागला की मालक स्वतः होऊन जू खाली ठेवी. बैल लिंबाखाली वैरण खाई, माणूस भाकर खाऊन घटकाभर आडवा होई, आणि दिवस कलला की दोघं पुन्हा कामाला लागत. हा नेम बैलासाठी होता. त्यात माणसाचंही कातडं वाचत होतं, हे मात्र आमच्या फार उशिरा ध्यानात आलं.

आता बैल कमी झाले. ट्रॅक्टरला ऊन लागत नाही. दिवसा वीज आली की भर दुपारी उसाला पाणी द्यायला उभं राहायचं. सौरपंप तर ऊन डोक्यावर असतानाच जोरात चालतो. त्यानं रात्रीचं विंचूकाट्याचं भय गेलं, ही मोठी सोय झाली; तिला आम्ही नावं ठेवीत नाही. पण ‘आता थांब’ म्हणणारं कुणी उरलं नाही. दुखणं अंगावर काढावं तसं आपण ऊन अंगावर काढतो आहोत.

हा विषय काढला की पारावर हसू होतं. “काळ्या कातड्याला काय ऊन लागतंय? ते गोऱ्या सायबाचं दुखणं!” यात अर्धं खरं आहे. सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य काही रक्षण करतं, म्हणून कातडीचा कर्करोग आपल्याकडं गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी आढळतो. पण काही म्हणजे सगळं नव्हे. गालावरचे वांग, मानेवरची जाड सुरकुतलेली कातडी, डोळ्यात वाढणारं मांस, लवकर पिकणारा मोतीबिंदू, या सगळ्यांत उन्हाचा वाटा असतो. पटत नसेल तर सदरा काढावा आणि दंडाच्या आतली कातडी मनगटाच्या वरच्या कातडीशी ताडून पाहावी. दोन्ही एकाच वयाच्या आहेत. एक सावलीत राहिली, दुसरी उन्हात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ साली सांगितलं, की मेलॅनोमा सोडून कातडीचे जे इतर कर्करोग आहेत, त्यांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तिसरा हिस्सा उघड्यावर, उन्हात काम केल्यामुळे होतो.

दुसरी गैरसमजूत अशी, की चटका बसला तरच ऊन बाधतं. चटका देणारी उष्णता वेगळी आणि कातडी खाणारे अतिनील किरण वेगळे. हे किरण दिसत नाहीत, जाणवत नाहीत, ढगांतूनही बरेचसे येतात. थंडीच्या दिवसांत उसाच्या फडात गार वारं सुटलेलं असतं, तेव्हाही दुपारी ते असतातच. ओळखायची खूण सोपी आहे, तिला घड्याळ लागत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली, की किरण प्रखर झाले असं समजावं. आपल्या भागात मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सावली अगदी पायाखाली येते. जुलैत आभाळ असतं म्हणून आपण फसतो, इतकंच.

उपाय महागडे नाहीत, बरेचसे आपल्या घरातच होते. जुन्या माणसाचा रुमाल डोकं, कान, मान सगळं झाकी. अंगात मांजरपाटाचा किंवा खादीचा लांब बाह्यांचा सैल सदरा असे. घट्ट विणीचं जाड कापड हे किरण अडवतं. विरळ, झिरझिरीत आणि ओलं कापड तितकं अडवत नाही. आता आपण बनियनवर पाणी देतो. गांधी टोपीला आमचा मान आहे, पण तिला छज्जा नाही. कान-मान उघडी राहते. शेतात तरी वरून रुमाल बांधावा. सगळ्यांत शहाण्या म्हणाल तर ऊसतोडीला येणाऱ्या बाया. लुगड्यावर नवऱ्याचा फुल शर्ट, डोक्याला-तोंडाला फडकं. पाचटानं अंग कापू नये म्हणून घालतात, पण ऊनही अडतं. आपण त्यांना हसू नये, त्यांचं अनुकरण करावं.

दोन गोष्टी आणखी. तोंडाला, मानेला, पापण्यांना खाज सुटते, उन्हात वाढते, आणि आपण म्हणतो ऊन बाधलं. पुष्कळदा मूळ दोष बांधावरच्या गाजर गवताचा असतो. ते फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटावं. दुसरं, दुकानदार हातात देतो ती स्टिरॉईडची ट्यूब डॉक्टरांशिवाय तोंडाला लावू नये. आधी बरं वाटतं, मग कातडी पातळ होते आणि उन्हाला जास्तच भिते. महिनाभर न भरणारी जखम, ओठावरचा पांढरा चट्टा, वाढणारा तीळ असेल तर लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावं.

आता मुख्य मुद्दा. आपण मालक आहोत, मनात आलं तर लिंबाखाली जाऊन बसतो. आपला ऊस तोडणाऱ्यानं कुठं बसायचं? २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात गाळप जूनपर्यंत लांबलं, तेव्हा मे महिन्याच्या उन्हात कोयता कुणाच्या हातात होता, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. सभासद म्हणतात, टोळीला टनावर पैसे असतात, मजूर स्वतःच थांबत नाही. खरं आहे. म्हणूनच ही सवड तोडणी कार्यक्रमातच घालून दिली पाहिजे.

आमचं म्हणणं एवढंच. ज्याचा ऊस तुटतो त्यानं फडाच्या कडेला एक ताडपत्री बांधावी आणि पाण्याचा माठ भरून ठेवावा. फेब्रुवारीनंतर दुपारी बारा ते तीन गाडी भरायची नाही, असं गट ऑफिसनं मुकादमाशी बोलून ठरवावं आणि वाहनं त्या हिशेबानं पाठवावीत. गाडीतळावर सावली करणं हे कारखान्याचं काम. वार्षिक सभेत उताऱ्यासाठी आपण तासभर भांडतो, तेही योग्यच आहे. त्यातली पाच मिनिटं या ठरावाला द्यावीत.

बैलाला ऊन लागतं हे आपल्या बापजाद्यांना कळत होतं. माणसालाही लागतं, हे आपल्याला कळायला हरकत नसावी.