समुद्रात लहान बोटीला वाट कोणी द्यायची?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांनी एकाच कार्यक्रमात दोन कामांचा प्रारंभ केला. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली, खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. आणि देशभरातल्या मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. बंदरामुळे जाणाऱ्या मासेमारी क्षेत्राबद्दल, रोजगाराबद्दल बरेच बोलले गेले. ते बोललेच पाहिजे. पण ज्या पाण्यात आज जाळी पडतात तिथून उद्या अजस्र कंटेनर जहाजे ये-जा करू लागल्यावर लहान बोटींवरच्या माणसांचा जीव कसा वाचणार, हा प्रश्न मागेच राहिला आहे.

ही भीती काल्पनिक नाही. जून २०१७ मध्ये कोचीजवळ ‘अंबर एल’ या मालवाहू जहाजाने मासेमारी बोटीला धडक दिली आणि त्यात खलाशांचे जीव गेले. ऑगस्ट २०२० पासून केंद्र सरकारने देशाच्या नैर्ऋत्य समुद्रात व्यापारी जहाजांचे मार्ग वेगळे आखून दिले. मासेमारी बोटींशी होणाऱ्या धडका टाळणे हाच त्यामागचा हेतू होता. तरीही एप्रिल २०२१ मध्ये मंगळुरूजवळच्या समुद्रात, बेपूरहून निघालेली ‘रबाह’ ही बोट आणि ‘एपीएल ल हाव्र’ हे जहाज यांची मध्यरात्रीनंतर धडक झाली. बोटीवरच्या १४ जणांपैकी फक्त दोघे वाचले. नकाशावरच्या रेषा हव्यातच, पण तेवढ्याने भागत नाही.

नियम काय सांगतो? टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, खुल्या समुद्रात जाळी टाकून मासेमारी करत असलेल्या बोटीला इंजिनावर चालणाऱ्या जहाजाने वाट द्यायची असते. पण जाळी ओढून परतीला लागलेल्या बोटीला ही सवलत नाही. बंदराच्या अरुंद जलमार्गात तर गणित उलटते. तिथे २० मीटरपेक्षा लहान बोटीने आणि मासेमारी करणाऱ्या कोणत्याही बोटीने मोठ्या जहाजाच्या आड येऊ नये, असे बंधन आहे. म्हणजे बंदर आले आणि त्याचा जलमार्ग आखला गेला की त्या पट्ट्यात तांडेलाचा हक्क कमी होतो आणि जबाबदारी वाढते. बंदराच्या चर्चेत ही गोष्ट मच्छीमारांना कोणी समजावून सांगते का?

मोठ्या जहाजाची मर्यादाही समजून घ्यायला हवी. त्याला थांबायला काही किलोमीटर लागू शकतात. नाकासमोरचे ५०० मीटरपर्यंतचे पाणी सुकाणूकक्षातून दिसले नाही तरी ते आंतरराष्ट्रीय नियमात बसते. ताशी २० सागरी मैल वेगाने हे अंतर पार करायला जहाजाला ५० सेकंदही लागत नाहीत. लाकडी किंवा फायबरची बोट रडारवर क्षीण दिसते. म्हणून जहाजाने आपल्याला पाहिले असेल, असे तांडेलाने कधीच धरून चालू नये. जहाज जवळ येत असूनही त्याची दिशा बदलत नसेल, तर धडकेचा धोका आहे. रात्री त्याचे लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले, तर ते सरळ आपल्यावरच येत आहे. पाण्यात जाळी असताना मासेमारीचे दिवे लावणे, एक माणूस जागा ठेवणे, व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरवर चालू ठेवणे आणि संकटात तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर कळवणे, ही शिस्त प्रत्येक बोटीवर हवी.

पण सगळा भार तांडेलाच्या डोळ्यांवर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. सरकारी ट्रान्सपाँडर उपग्रहामार्फत बोटीला किनाऱ्याशी जोडतो, त्याचा उपयोग मोठा आहे. मात्र समोरच्या जहाजाच्या पडद्यावर बोट उमटण्यासाठी एआयएस हे वेगळे यंत्र लागते. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना ते सक्तीचे आहे. लहान बोटींना ते आणि रडार परावर्तक अनुदानातून का मिळू नयेत?

आणि मरतो कोण, हेही पाहिले पाहिजे. ‘रबाह’वरचे खलाशी तमिळनाडू आणि पश्चिम बंगालचे होते. पोटासाठी परमुलखात गेलेले, बोटीची मालकी नसलेले हे मजूर. बोट बुडाली की मालकाच्या नुकसानीचा हिशोब तरी होतो. खलाशाच्या घरच्यांकडे मात्र तो त्या बोटीवर होता याचा कागदही नसतो, असे आम्हाला काम करताना वारंवार दिसते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वाढवणचे जलमार्ग मच्छीमार सहकारी संस्थांना बरोबर घेऊन ठरवावेत. त्यांचे नकाशे मराठीत, बोटी निघण्याच्या धक्क्यावर लावावेत. प्रत्येक फेरीआधी खलाशांची नावनोंदणी आणि विमा व्हावा. धडक देऊन न थांबणाऱ्या जहाजावर कारवाई व्हावी. संविधानाच्या कलम २१ ने दिलेला जगण्याचा हक्क किनाऱ्यावर संपत नाही. बंदर उभे राहण्याआधी ही तयारी झाली पाहिजे, कारण पहिले प्रेत किनाऱ्याला लागल्यावर नेमली जाणारी चौकशी समिती कोणालाच परत आणत नाही.