बटण कुणाच्या हातात?

घरात सकाळी सगळ्यात शेवटी आंघोळ कुणाची होते, हे तुम्हा मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. आधी शाळेची लेकरं, मग कामाला जाणारे, मग पूजा असते म्हणून सासूबाई. डबे, झाडलोट, धुणं आटोपून नऊ-साडेनऊला आपण. चुलीवर पाणी तापायचं तेव्हा त्यात एक सोय होती. चार तुऱ्हाट्या जास्तीच्या सारल्या की शेवटच्या बादलीलाही वाफ यायची. धुरानं डोळे जायचे ती गोष्ट वेगळी.

तीन वर्षांपूर्वी कनेरगाव नाक्याच्या आमच्या घरावर सोलर बसला. २०० लिटरची टाकी, काचेच्या नळ्या, आणि ढगाळ दिवसांसाठी टाकीतच २ किलोवॅटची विजेची कॉइल. बसवणारी माणसं दिवसभर गच्चीवर होती. ह्यांना आणि भाऊजींना त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. मी दोनदा चहा घेऊन वर गेले आणि दोन्ही वेळा कप ठेवून खाली आले. गॅसवर भाजी होती.

पहिल्याच डिसेंबरात माझी पाळी येईपर्यंत पाणी कोमट व्हायला लागलं. सहा माणसांचं घर, मग मोजून कोण अंगावर घेतो? ‘सोलरमध्ये काही दम नाही’ असं घरात ठरलं आणि रात्री झोपताना कॉइल लावायची पद्धत पडली. बटण जिन्याच्या पार वरच्या टोकाला. सकाळी ते बंद करायचं कुणाच्या लक्षात राहणार? महिन्यानं बिल आलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. “भांड्यांना गरम पाणी वापरतेस का गं?” हे म्हणाले. मी भांडी गार पाण्यानंच घासते, तेही बोअरच्या.

त्याच दुपारी मी बसवणाऱ्यांना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न, “वहिनी, भाऊ आहेत का घरी?” म्हटलं, भाऊ दुकानात आहेत, पाणी मी काढते, तर मलाच सांगा. पोरगा चांगला होता, अर्धा तास बोलला. जे तीन वर्षांपूर्वी गच्चीवर सांगून झालं होतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सोलरला मोटार नसते. नळ्या दक्षिणेकडे तोंड करून तिरप्या, टाकी त्यांच्या वर. उन्हानं तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, गार पाणी खाली नळ्यांत उतरतं. दिवसभर हेच चालतं. आपण जेवढं गरम पाणी काढू तेवढं गार पाणी टाकीत आपोआप शिरतं. आता कॉइल रात्री लावून तशीच राहिली तर काय होतं बघा. पहाटे टाकी तापलेली असते. आंघोळी सुरू झाल्या की गार पाणी आत येतं, कॉइल पुन्हा पेटते, आणि दहा वाजता ऊन चांगलं तापेपर्यंत ते पाणीही विजेवरच तापून जातं. उन्हाला करायला कामच उरत नाही. वर सोलर आहे आणि आपण चालवतोय गिझर!

माझ्या दहावीतल्या मुलानं विज्ञानाच्या पुस्तकातलं सूत्र लावून गणित करून दिलं. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला ९ युनिटांच्या वर वीज लागते. महिनाभर रोज हेच झालं तर पावणेतीनशे युनिटं. आणि १०० युनिटांच्या पुढे दर चढतो तो वेगळाच. याउलट पहाटे एकच तास कॉइल लावली तर २ युनिटांत सगळी टाकी आठ-नऊ अंशांनी वर येते. कोमट पाण्याला तेवढं पुष्कळ होतं.

तेव्हापासून मी संध्याकाळी नळाखाली हात धरून बघते. चटका बसला तर सकाळी काही करायचं नाही. कोमट लागलं तर पाचला कॉइल चालू, सहाला बंद, मगच पहिली आंघोळ. रात्री हातपाय धुवायला गरम नळ सोडायचा नाही, कारण रात्री आत शिरलेलं गार पाणी सकाळपर्यंत तसंच राहतं. पाइपातली पहिली गार बादली सांडायची नाही, ती धुण्याला. थंडीत बहुतेक दिवस बटणाला हात लावावा लागत नाही. खरी गरज पडते ती श्रावणातल्या झडीत.

बाकीची देखभालही अशीच आहे. अकोला-नांदेड रस्त्याची धूळ नळ्यांवर बसते, ती पुसायची ती सकाळी लवकर. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर नळी तडकते. उन्हाळ्यात वरची टाकी कोरडी पडली आणि दुपारीच पाणी सोडलं, तरी तेच. टाकी कोरडी पडलीय हे घरात आधी कुणाला कळतं? बोअरच्या पाण्याचा पांढरा थर भगोण्याच्या बुडाला कोण खरवडतं? तोच थर नळ्यांत आणि कॉइलवरही बसतो, म्हणून अधूनमधून त्यांची सफाई करून घ्यावी लागते. ज्या बाईला हे सगळं रोज दिसतं, तिलाच यंत्राची माहिती द्यायची नाही, हा कुठला न्याय?

सासूबाई म्हणाल्या, “बाईमाणसानं विजेच्या फंदात कशाला पडावं?” त्यांची भीती खोटी नाही. पाणी आणि वीज एकत्र आली की जपायलाच हवं. त्यासाठी चांगलं अर्थिंग आणि ईएलसीबी बसवून घ्यावा, म्हणजे गळती होताच वीज तुटते. पण बादलीतला उघडा रॉड इतकी वर्षं आमच्याच हातात होता की! तेव्हा कुणाला काळजी वाटली नाही.

आणखी एक. सोलर घेताना कुणी सरकारी सबसिडीचं गाजर दाखवलं तर नीट चौकशी करा. पाणी तापवायच्या सोलरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेतले जास्तीत जास्त ७८ हजार रुपये मिळतात ते वीज तयार करणाऱ्या पॅनेलला. दोन्हींना आपण ‘सोलर’च म्हणतो, त्यामुळे गल्लत होते.

माझं म्हणणं एवढंच, की यंत्र बसवायला येणाऱ्यानं घरातल्या बाईला गच्चीवर बोलवावं आणि तिच्या हातून एकदा सगळं करून घ्यावं. त्या वेळी गॅसवर भाजी असेल तर गॅस बंद करून तिनंही जावं. मी तेव्हा गेले नाही, ती चूक माझीही होतीच.

मागच्या दिवाळीत वायरमनकडून मी कॉइलचं बटण जिन्यावरून काढून स्वयंपाकघराच्या दाराशी आणलं, लाल दिव्यासकट. अर्ध्या दिवसाचं काम होतं. हे म्हणाले, “इथं कशाला?” म्हटलं, येता-जाता दिसतं. परवा रात्री झोपायला जाताना त्यांनी मला विचारलं, “उद्या पाणी तापवावं लागेल का गं?” मी नळाखाली हात धरून आले होते. म्हटलं, नाही लागणार.